जाळी: एकवचन की अनेकवचन?

आमच्या आगरखाडीच्या मच्छीमार सोसायटीत हरेश्वर खांबेटे नावाचा एक सभासद आहे. धंदा: मासेमारी. तो सभासद मी. माझ्या घराण्यात आजवर कुणी मासा हातात धरलेला नाही. मी स्वतः बाजारातून जाताना मासळीच्या टोपल्या आल्या की उपरण्याचं टोक नाकाला लावतो आणि डोळे आभाळाकडे करतो. त्यामुळे दोनदा गटारात पाय गेला, पण नियम मोडला नाही. असा मी, आणि मासेमारी! हे सगळं झालं एका मच्छरदाणीपायी, आणि मच्छरदाणी आली विहीणबाईंपायी.

आमची गोदू पालीला दिलेली. पहिलंच बाळंतपण, म्हणजे माहेरचा हक्क. पाचव्यातच केलेल्या डोहाळजेवणाला आम्ही दोघं गेलो तेव्हा निघताना मी सहज विषय काढला. तशा तिच्या सासूबाई, नीराबाई, म्हणाल्या, "रीत आहे, मी कोण मोडणार? पण खांबेटे, मागे तुमच्याकडे दोन रात्री राहिले होते, तेव्हा डासांनी माझी जी दशा केली ती मी विसरलेली नाही. आणि ती तुमची मच्छरदाणी! तिच्यातून डास आत येत होते ते समजलं. पहाटे चिमणी आली होती."

वेणूबाई, म्हणजे आमचं कुटुंब, खाली मान घालून म्हणाल्या, "जुनी आहे हो ती. सासूबाईंच्या वेळची."

"म्हणूनच म्हणते. मी स्वतः येईन पोरीला घेऊन. धड मच्छरदाणी दिसली तर ठेवीन, नाहीतर परत आणीन. कोवळ्या जिवाला मी डासांच्या तोंडी द्यायची नाही."

आता यावर 'बरं' म्हणून उठलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण व्याह्यांच्या ओटीवर माणसाला काय होतं कोण जाणे. मी पायात वहाणा सरकवता सरकवता म्हणालो, "मच्छरदाणीचं काय घेऊन बसलात विहीणबाई! नायलॉनची मागवलीय. एडनहून."

नायलॉन हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता. एडन हा शब्द हसनमियांकडून ऐकला होता. दोन्ही एकदम वापरायची संधी आली आणि मी ती घेतली.

एसटीत बसल्यावर वेणूबाईंनी विचारलं, "कधी मागवलीत?"

"आता मागवीन."

"अलिबागेत कापडाच्या दुकानाबाहेर सुती मच्छरदाणी टांगलेली असते. पांढरी शुभ्र. उतरून हातात देतात."

"आता सुती नेऊन दाखवायची? माझा काही शब्द आहे की नाही?"

"आहे ना. शब्दच आहे नुसता," असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं ते थेट रोहा येईपर्यंत.

घाई होती ती अशी. मुलीला सातव्यात आणायची, आठव्यात हलवायची नाही, आणि नवव्यात विहीणबाई हलू द्यायच्या नाहीत. म्हणजे सातवा सरायच्या आत मच्छरदाणी पलंगावर चढली पाहिजे. नाहीतर वेणूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवून ठेवलेली दुपटी, भाजून ठेवलेला डिंक आणि लेकीची बाळंतपणाची खोली, सगळं तसंच राहणार. त्या काही बोलत नसत, पण रोज संध्याकाळी त्या खोलीत जाऊन पलंगाची चादर सारखी करून येत. त्यावर कुणी निजलेलंही नसे.

हसनमियां तांडेल माझा शाळासोबती. त्याचं गलबत इथून कौलं घेऊन एडनला जायचं आणि खजूर घेऊन यायचं. तो निघत असताना मी त्याला गाठलं आणि सांगितलं. तो म्हणाला, "अरे, लेक तुझी तशी माझी. अशी जाळी आणतो की डास बाहेर बसून रडतील."

आणि आणली. गलबत बंदराला लागलं, पण जाळी घरी आली नाही. ती कष्टमात अडकली.

आमच्या बंदरावर कस्टमची चौकी आहे. एक खोली, एक टेबल, एक झेंडा. गावात तिला कष्टम म्हणतात आणि मी सुरुवातीला ते अशुद्ध समजत असे. चौकीवर हुपरीकर नावाचे साहेब नवे बदलून आले होते. कोल्हापूरकडचे. समुद्राशी त्यांचा परिचय नसावा, कारण ते कायम समुद्राकडे पाठ करून बसत. माणूस अत्यंत प्रामाणिक. चहासुद्धा स्वतःच्या तांब्यातला पीत. असा अधिकारी फार वाईट. खाणारा असता तर माझं काम त्याच दिवशी झालं असतं.

मी गेलो तेव्हा मच्छरदाणी टेबलावर होती. हाताच्या ओंजळीत मावेल एवढी घडी, दुधावरच्या सायीसारखी. मला पाहून हसनमियां म्हणाला, "मी खरं तेच सांगितलं रे. जाळी म्हटलं."

हुपरीकर म्हणाले, "आपण खांबेटे? नोंदणी कचेरीतले? मागच्या महिन्यात माझ्या भाडेचिठ्ठीवर आडवी रेघ उभी आली म्हणून तीनदा परत पाठवलीत, ते?"

मी म्हटलं, "नियम आहे साहेब."

"अगदी बरोबर. नियम असावा." असं म्हणून त्यांनी एक जाड पुस्तक पुढं ओढलं. "आता सांगा, हे काय आहे?"

"मच्छरदाणी."

"तसा शब्द पुस्तकात नाही. पुस्तकात कापड आहे, कपडे आहेत, घरसामान आहे, जाळी आहेत. कापड असेल तर मुंबईचा परवाना लागेल. तो यायला पावसाळा जाईल. कपडे असतील तर अंगात घालता आले पाहिजेत. हे आपण अंगात घालता?"

"अंगात नाही, अंगावर... म्हणजे आत शिरतो."

"शर्टातसुद्धा आपण आत शिरतो. पण शर्ट घालून चालता येतं. हे घालून आपण कचेरीत येऊ शकाल?"

चौकीचा शिपाई गुणाजी, जातीनं कोळी, दाराशी उभा होता. तो म्हणाला, "येतील, पन लोकं हसतील सायेब."

"घरसामान म्हणावं तर ते वापरलेलं पाहिजे. हे नवं आहे. बरं, याचा जन्म कुठला?"

"कुणाचा?"

"मालाचा. माल कुठं जन्मला त्यावर दर ठरतो. इंग्रजी मुलखातला असेल तर एक दर, इतर मुलखातला असेल तर दुसरा."

एवढ्यात हसनमियांनी मैत्री निभावली. कुणी न विचारता तो म्हणाला, "सूत जपानचं साहेब. दुकानदारानंच सांगितलं. जाळी विणली हाँगकाँगला. एडनला मी तिला कड नि झालर लावून घेतली. शिंपी आपला तळ्याचा हाय, चांगला माणूस."

हुपरीकरांनी पेन खाली ठेवलं. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नंतर कधी पाहिला नाही. "म्हणजे सूत जपानी, वीण हाँगकाँगची, शिलाई एडनची आणि शिंपी कुलाबा जिल्ह्याचा. खांबेटे, नियम असा की मालाचं रूप जिथं बदललं, ते त्याचं जन्मगाव. आता झालर लावल्यानं रूप बदलतं की नुसती शोभा वाढते, हा खरा प्रश्न आहे."

हा खरा प्रश्न घेऊन मी घरी आलो. वेणूबाईंना समजावून सांगितला. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "लुगड्याला काठ लावला म्हणून त्याचं माहेर बदलतं होय? विचारा तुमच्या साहेबांना. आणि अलिबागेची एसटी अजून चालू आहे म्हणावं."

आमच्या शेजारी सदूकाका राहतात. ते पूर्वी अलिबागेला एका वकिलाकडे कारकून होते. वकील वारले, पण सदूकाकांची वकिली चालूच आहे. गावात कुणाचंही काम अडलं की ते बोलावल्याशिवाय येतात. त्या संध्याकाळी आले, झोपाळ्यावर बसले, सगळं ऐकलं आणि डोळे मिटून म्हणाले, "हरेश्वर, तू चुकतोस कुठं माहीत आहे? तू खरं बोलतोस."

"मग काय बोलू?"

"तांडेलानं काय सांगितलं? जाळी. पुस्तकात काय आहे? जाळी. कोळ्याच्या जाळ्याला परवाना नाही, जन्म नाही, काही नाही. सरकारला मासे वाढवायचे आहेत. तू म्हण, हे मासे धरायचं जाळं आहे. सही कर आणि घेऊन ये."

"अहो, पण मी मासे..."

"तू धरतोस की नाही हे कोण विचारतंय? प्रश्न जाळ्याचा आहे."

मला ते पटलं. सदूकाकांचं बोलणं ऐकताना नेहमीच पटतं. ते उठून गेल्यावर त्याचं काय होतं ते कळतं. दुसऱ्या दिवशी मी चौकीवर जाऊन छाती काढून सांगितलं, "साहेब, हे मासेमारीचं जाळं आहे."

गुणाजीला ठसका लागला. हुपरीकर मात्र गंभीर. त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. "छान. मग झालरीचा प्रश्नच मिटला. ही सवलत मच्छीमार सोसायटीच्या सभासदांना आहे. आपण सभासद असालच."

सोसायटीचे चेअरमन धर्माजी नाखवा. त्यांच्या ओटीवर मी कशासाठी आलोय हे सांगायला मला बराच वेळ लागला. सांगून झाल्यावर त्यांनी आत हाक मारली, "आवडे, भायेर ये. खांबेटंभाव म्हावरा मारायला जानार हायेत."

आवडाबाई बाहेर आल्या. त्यांच्यामागून शेजारची ओटी आली, पलीकडची आळी आली. मी मध्ये टोपी मांडीवर घेऊन बसलो.

"भाव, पवता येतं?" एकानं विचारलं.

"नाही."

"व्हडीत बसलाव कदी?"

"एकदा. उलटी झाली."

"बरं हाय. माशांना खायाला झालं," आवडाबाई म्हणाल्या. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पन ह्ये समदं कशापायी?"

मी गोदूचं सांगितलं. विहीणबाईंचं सांगितलं. चिमणीचंही सांगितलं. तशा आवडाबाई नवऱ्याकडे वळल्या. "अवो, गोदूसाटी हाय. ल्हान व्हती तवा आपल्या सुक्या बोंबलांवर पाय देऊन पलायची ती. करा मेंबर. काय जातंय?"

अशा रीतीनं मी सभासद झालो. नारळ फोडला, होडीला हात लावला, आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसून एक घोट खाडीचं पाणी प्यायलो. हा शेवटचा विधी सोसायटीच्या नियमांत नाही हे मला फार पुढे कळलं.

सभासदत्वाचा दाखला मी हुपरीकरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, उलटा करून पाहिला, आणि गलबताच्या मालाचा कागद काढला. "आता एकच राहिलं. दुसरं जाळं कुठं आहे?"

"दुसरं कुठलं?"

"या कागदावर 'जाळी' असं आहे. पुढे आकडा नाही. जाळं हे एकवचन, जाळी हे त्याचं अनेकवचन. अनेकवचन म्हणजे कमीत कमी दोन. टेबलावर एकच आहे. राहिलेलं तांडेलानं रात्रीत उतरवलं का?"

"नाही हो साहेब!" मी उसळून म्हणालो. "ती जाळी. स्त्रीलिंगी. एकवचन. ती जाळी, त्या जाळ्या. ही एकच जाळी आहे."

हुपरीकरांनी डोळे बारीक केले. "ती जाळी? म्हणजे विणलेल्या कापडाची असते, ती?"

"तीच की."

"मग ते कापड झालं. मुंबईचा परवाना लागेल."

मी खुर्चीत बसलो. शाळेत व्याकरणात मला नेहमी पैकीच्या पैकी मिळत. त्या व्याकरणानं मला असं कोपऱ्यात गाठावं! एकवचनी 'ती जाळी' म्हटलं तर कापड, अनेकवचनी 'ती जाळी' म्हटलं तर चोरी. शब्द एकच, आणि दोन्हीकडून तुरुंग.

"साहेब," मी शेवटी म्हणालो, "अनेकवचनच आहे. दुसरं आणतो."

धर्माजींनी पडवीतलं एक जुनं जाळं काढून दिलं. सुतळीचं, चिखलाच्या रंगाचं, खवल्यांनी चमकणारं. ते माझ्या खांद्यावर टाकून मी भर बाजारातून चौकीवर गेलो. वाटेत आमच्या कचेरीचे साहेब भेटले. मी नमस्कार केला. त्यांनी प्रतिनमस्कार केला नाही, नाकाला रुमाल लावला. नाकाला काहीतरी लावण्याचा अधिकार आजवर माझा होता.

हुपरीकरांनी त्या जाळ्याकडे लांबूनच पाहिलं. "याचा जन्म?"

धर्माजी सोबत होते. म्हणाले, "आमच्या वटीवर झाला सायेब. बायकोनी इनलं."

"इथंच? मग ते परदेशातून कसं आलं?"

धर्माजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हसनमियांकडे पाहिलं. हसनमियां म्हणाला, "गेलं होतं साहेब. एडन बघून परत आलं."

"म्हणजे स्वदेशी माल, परदेशी जाऊन मायदेशी परतलेला!" हुपरीकर हरखून म्हणाले आणि त्याचंही कलम पुस्तकात निघालं. माझ्या मच्छरदाणीला नाही ते कलम, त्या कुजक्या सुतळीला होतं.

माल सुटला, पण अटी घालून. एक, सरकारी साक्षीदारासमोर जाळं पाण्यात गेलं पाहिजे. दोन, ते मासेमारीखेरीज कशालाही वापरायचं नाही, आणि साहेब येतील तेव्हा, असेल तिथं, दाखवायचं. मी सही केली. मला वाटलं, एकदा पाण्यातून काढलं की घरी. मग साहेब कशाला येतायत?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाडीच्या तोंडाशी गेलो. होडीत धर्माजी, त्यांची दोन माणसं, साक्षीदार म्हणून गुणाजी, आणि धोतराचा कासोटा घट्ट मारून मी. आवडाबाई काठावर होत्या. सदूकाकाही आले होते, पण त्यांनी सल्ला काठावरूनच दिला. धर्माजींनी मच्छरदाणी उलगडली. चारी कोपरे, वर छत, खाली झालर. सगळे बघत राहिले.

"ह्ये जालं हाय का देवाचं मखर?" धर्माजी म्हणाले. "ह्यात म्हावरा शिरल कुटून?"

"शिरायचं कशाला? ओलं करा आणि काढा," मी म्हणालो. माझी मान तोवर होडीबाहेर गेली होती.

"तसं चालनार न्हाय," गुणाजी म्हणाला. "मला सही द्यायची हाय. जालं रीतसर टाका."

त्यांनी ती ओहोटीच्या धारेत खुंटाला बांधली. नवी कोरी, दुधाच्या सायीसारखी जाळी पाण्यात फुगली आणि गेली. मी वेणूबाईंच्या डोळ्यांनी ते पाहिलं आणि मग माझ्या डोळ्यांनी काही पाहण्याच्या स्थितीत राहिलो नाही. थोड्या वेळानं आरडाओरडा झाला. वर ओढली तेव्हा मच्छरदाणी गुलाबी झालेली. आत जवळा. तांदळाच्या कणीएवढी कोलंबी, वळवळणारी, गच्च, छतापासून झालरीपर्यंत.

"आरं द्येवा!" धर्माजी ओरडले. "आमच्या जाल्यातनं निम्मा पलून जातो. ह्यातनं एक पन सुटला न्हाय! भाव, ह्या ऐवजाला सोसायटीत ठेवा. लेकीला दुसरी घ्या."

"लेकीची आहे ती," मी होडीच्या तळातून म्हणालो.

काठावर आवडाबाईंनी पहिली टोपली माझ्यापुढे ठेवली. सभासदाचा पहिला वाटा. मी हात जोडले. त्यांना वाटलं मी नमस्कार करतोय, म्हणून त्यांनीही केला.

मच्छरदाणी घरी आली त्या दिवसापासून धुणं सुरू झालं. शिकेकाई, रिठे, राख, लिंबू, ताक. वेणूबाईंनी ती विहिरीवर इतकी आपटली की शेजारणी मला भेटून विचारून गेल्या, घरात काही बोलणं झालंय का. मग धूप घातला. कापूर लावला. उदबत्त्या पेटवल्या. वास गेला नाही. आधी नुसता जवळा होता, आता कुणीतरी जवळ्याची पूजा मांडल्यासारखं वाटायला लागलं. वाळत घातली की गावातली मांजरं अंगणात येऊन ओळीनं बसत. सदूकाका म्हणाले, "दोन दिवसांत सवय होईल." ते स्वतः मात्र त्या दिवसापासून झोपाळ्यावर बसायला आले नाहीत.

आणि सातवा संपत आला होता. निरोप आला की रविवारी येतो.

रविवारी दुपारी एसटीतून गोदू उतरली. चेहरा उतरलेला, पण घर दिसल्यावर हसली. मागून नीराबाई. दारातच थांबल्या. "काय मेलंय हो?"

"समुद्राचा वारा," वेणूबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या.

मधल्या खोलीत पलंगावर मच्छरदाणी चारी खुंट्यांना ताणून बांधली होती. दिसायला राजेशाही. गोदू प्रवासानं दमली होती, ती सरळ आत शिरून बसली. नीराबाईंनी पलंगाभोवती एक फेरी मारली. बोटानं जाळी ताणून पाहिली. कड पाहिली. झालर पाहिली. "आहे बाई तलम," त्या म्हणाल्या. "चिमणी काही यायची नाही." वेणूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

एवढ्यात दारातून आवाज आला, "खांबेटे आहेत का? पाहणीला आलोय."

हुपरीकर, आणि मागे गुणाजी. रविवार असूनही. मी सांगितलं ना, माणूस प्रामाणिक.

ते आत आले, पलंगापाशी थांबले. "हे इथं का?"

"वाळत घातलंय."

"चार खुंट्यांना?"

"जाळं ताणून वाळवायचं असतं साहेब. धर्माजी नाखवांना विचारा."

"आणि आत या बाई?"

"गावल्या असतील सायेब," गुणाजी म्हणाला. "बारीक जालं हाय."

नीराबाई हळूच माझ्याकडे वळल्या. "जाळं? खांबेटे, हे गृहस्थ कशाला जाळं म्हणतायत?"

"हेच मलाही ऐकायचंय," हुपरीकर म्हणाले आणि खिशातून माझा सहीचा कागद काढला. "आपण लिहून दिलंय, मासेमारीखेरीज वापरणार नाही. मच्छरदाणी म्हणून वापर झाला असेल तर ही खोटी सही. सरकारी नोकराची. मला वर कळवावं लागेल."

दोघंही माझ्याकडे बघत होते. मच्छरदाणी म्हणालो तर नोकरी जाते, जाळं म्हणालो तर लेक जाते. पुस्तकात याला कलम असतं तर मी त्या घटकेला पान फाडून खाल्लं असतं. मी गोदूकडे पाहिलं. ती पांढऱ्या जाळीआडून माझ्याकडे बघत होती, लहानपणी बघायची तशी. नोंदणी कचेरी गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हटलं आणि तोंड उघडलं.

"साहेब, ही मच्छर..."

"मच्छरदाणी? कोण म्हणतं?" नीराबाई मध्येच कडाडल्या. मघाशी वाकून कड पाहताना त्यांनी बहुधा श्वास रोखला होता, आता घेतला होता. "अहो, तुम्ही सरकारी अधिकारी ना? तुम्हाला नाक आहे की नाही? माझ्या पिढ्यांत कुणी शिवलं नाही, तरी मला कळतंय. हे जाळं आहे! कालपरवापर्यंत पाण्यात असलेलं, माशांनी भरलेलं जाळं! यात डासांचं काय काम?"

हुपरीकरांनी आदरानं टोपी काढली. "बाई, आपण यांच्या कोण?"

"विहीण. आणि मी यांच्या बाजूनं कधीही बोलणार नाही."

"म्हणजे निष्पक्ष साक्ष. शिवाय शाकाहारी." त्यांनी तिथंच कागदावर लिहून घेतलं: नीराबाई, राहणार पाली, यांनी वासावरून ओळख पटवली. नीराबाईंनी संतापाच्या भरात सहीसुद्धा दिली. "खांबेटे, शंका घेतली, माफ करा. आपण नियमाचे माणूस आहात," असं म्हणून हुपरीकर गेले. जाताना गुणाजीनं मला डोळा मारला.

माझी नोकरी वाचली. पुढच्या क्षणाला नीराबाई म्हणाल्या, "गोदू, ऊठ. एसटी अजून उभी आहे."

वेणूबाईंनी उशाची दुपट्यांची चळत उचलली आणि गोदूच्या पिशवीत भरायला घेतली. एकेक दुपटं परत घडी घालून. मी "विहीणबाई, अलिबागेला सुती मिळते, आत्ता जातो..." असं काहीतरी बोलत होतो, पण ते मलाच ऐकू येत नव्हतं.

गोदू उठली नाही. आतूनच म्हणाली, "सासूबाई, हा वास कसला आहे?"

"जवळ्याचा," मी म्हणालो. आता लपवायचं काय राहिलं होतं?

"मला तो खावासा वाटतोय."

दारातल्या मांजरानंही मान वर केली.

नीराबाई मटकन पलंगाच्या कडेला बसल्या. "काय म्हणालीस?"

"आल्यापासून नुसतं तोंडाला पाणी सुटलंय. दुसरं काही नको वाटतं. तिकडे चालेल का हो? थोडासाच."

"तिकडे? आमच्या घरात? देवळापासून हाकेच्या अंतरावर?" नीराबाई गोदूकडे पाहत राहिल्या, मग तिच्या पोटाकडे, मग भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीकडे. एका बाजूला कुळाचार, दुसऱ्या बाजूला डोहाळे. डोहाळे पुरवले नाहीत तर मूल जन्मभर लाळ गाळतं हे पालीत सगळ्यांना माहीत आहे. शेवटी त्या उठल्या, पदर सारखा केला आणि वेणूबाईंच्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली.

"पोर तुमच्याकडेच राहू दे. इथं समुद्रकाठी काय शिजतं, कुणाच्या चुलीवर शिजतं, मला कळवू नका. माझ्या घरात ते यायचं नाही, आणि नातवाची लाळ पुसत बसायला मी रिकामी नाही. बारशाला येईन. तोवर हा वास गेला पाहिजे."

मी त्यांना एसटीपर्यंत पोचवून आलो. गाडी वळणाआड गेलेली पाहूनच परतलो. येताना मनाची तयारी करत होतो. लेकीचे डोहाळे. धर्माजींकडे जायचं, सभासदाचा वाटा मागायचा, आवडाबाईंच्या चुलीवर शिजवून आणायचा, नाकाला उपरणं न लावता. घरात शिरून वेणूबाईंना म्हणालो, "झाकणाचं भांडं द्या एखादं. मी जवळा घेऊन येतो."

मच्छरदाणीतून गोदूचा आवाज आला, "बाबा, ते राहू दे हो. आधी हे जाळं काढा बघू इथून. मघापासून श्वास रोखून बसलेय."